पुढचा नंबर आपोआप

२ मार्च, सोमवार

मुलीने डायरी पाठवली आहे. सोबत चिठ्ठी : "बाबा, रोज लिहा. मन मोकळं होईल." माझं मन तुंबलंय हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. रोज लिहिण्यासारखं माझ्याकडे काही घडत नाही. घडेल त्या दिवशी लिहीन. मधली पानं कोरी राहिली तर राहू देत.

आज घडलं ते असं. कृत्रिम पायांच्या कार्यशाळेत नोंदी ठेवायच्या कामावर रुजू झालो. एकोणतीस वर्षं एका गोदामात नोंदी ठेवल्या, मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि घरात भिंतींकडे बघत बसायचा कंटाळा आला. जागा माझ्या ओळखीची आहे. आमची ही नऊ वर्षं इथे येत असे. साखरेच्या दुखण्यात तिचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. ती आत जाई आणि मी बाहेरच्या बाकावर शब्दकोडं सोडवत बसे. गेल्या वर्षी जानेवारीत ती गेली. बाक अजून तिथेच आहे. आज मी पहिल्यांदा दाराच्या आत गेलो.

३ मार्च, मंगळवार

काम समजून घेतलं. तीन खोल्या आहेत. पहिलीत मिस्त्री. उरलेल्या पायावर तो प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळतो, घट्ट झाली की अलगद काढतो, आणि त्या पोकळीत प्लास्टर ओतून पायाचा हुबेहूब साचा बनवतो. साचा ओला असतानाच त्यावर खिळ्याने नंबर कोरतो. दुसऱ्या खोलीत भट्टीवाला. वाळलेल्या साच्यावर तो तापवलेलं प्लॅस्टिक चढवतो. त्याचं सॉकेट होतं, म्हणजे पाय ज्यात बसतो ती वाटी. तिसऱ्या खोलीत सॉकेटला खाली नळी आणि पाऊल जोडतात, आणि पेशंट दोन दांड्यांना धरून आरशासमोर चालायला शिकतो. साचे पाच वर्षं मांडणीवर ठेवतात. भिंतभर पांढरे गुडघे. आधी जरा कसंतरी झालं, दुपारपर्यंत सवय झाली.

माझं टेबल बाहेर. नवा साचा करायचा असला की मी कॉम्प्युटरमध्ये नाव, वय, कुठला पाय ते भरायचं. नंबरचा रकाना मात्र मला भरता येत नाही. नोंद जतन केली की तो आपोआप येतो, आधीच्यापेक्षा एकाने मोठा. तो नंबर चिठ्ठीवर छापून मिस्त्रीकडे जातो. मला हे आवडलं. गोदामात अनुक्रमांक हाताने घालताना माझ्या हाताखालचे लोक काय काय गोंधळ घालत, ते मलाच ठाऊक.

५ मार्च, गुरुवार

आवडलं हे मागे घेतो. आज कॉम्प्युटरमधला नोंदींचा सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटचा नंबर २०४०. पण १७१२ नंतर एकदम १७१४. १७५० नंतर १७५३. मोजले, एकूण सहासष्ट नंबर गायब. कोणाचे, कुठे गेले, कुणालाच पत्ता नाही.

हा तक्ता बांधणाऱ्या प्रोग्रामरबाईंना फोन केला. माझ्या मुलीएवढी असेल, पण कामाच्या माणसाला मी मॅडमच म्हणतो. ती मला काका म्हणते.

"काका, ते टोकनसारखं आहे," ती म्हणाली. "तुम्ही टोकन घेतलंत आणि कंटाळून निघून गेलात, तरी यंत्र मागच्या माणसाला तुमचा नंबर देत नाही. त्याला पुढचाच मिळतो. कुणी नोंद अर्धी भरून रद्द केली असेल, नंबर गेला."

"मग ती मोकळी जागा भरायची कशी?"

"भरायचीच नाही. राहू द्यायची."

"आणि तपासणीला कुणी आलं, विचारलं, १७१३ कुठाय, तर?"

"सांगा, नाहीये. काका, त्या नंबरला अर्थ नसतो हो. तो फक्त दुसऱ्या कुणाचा नसायला हवा, बास."

अर्थ नसतो म्हणे. एकोणतीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एकही अनुक्रमांक गाळलेला नव्हता. तपासनीस पान उलटायचा, मान डोलवायचा आणि चहा मागवायचा.

८ मार्च, रविवार

मुलीचा फोन. "बाबा, आईचं कपाट आवरलंत का?" आवरतो म्हटलं. "मी येऊ का मदतीला?" तेवढ्यासाठी कशाला येतेस म्हटलं.  मग तिने पाण्याचा नळ दुरुस्त झाला का, असं विचारलं.

कपाटाचं राहू द्या, हिचा पायसुद्धा बेडरूमच्या दारामागे उभा आहे तसाच. कार्यशाळेचा नियम असा की माणूस गेला की पाय परत करायचा. सॉकेट दुसऱ्याला चालत नाही, पण नळी आणि पाऊल कामाला येतं. मिस्त्रीने मी आल्या आल्या आठवण करून दिली होती, "वहिनींचा पाय आणून द्या हं सावकाश." शुक्रवारी विसरलो. शनिवारी पिशवी लहान होती. आज रविवार. केर काढताना तो बाजूला सरकवला. सॉकेटच्या आतल्या कडेला नंबर ठोकलेला आहे, १८९४. रबरी पाऊल झिजलेलंही नाही. ती गेली तेव्हा शेवटचा साचा करून आठ महिनेच झाले होते. त्या साच्याच्या वेळी सॉकेटबरोबर पाऊलही नवं बसवलं आणि पावलाची टाच टेकली की बारीक टक् असा आवाज येऊ लागला. दुरुस्त करून आण म्हणून मी कितीदा तरी सांगितलं. ती म्हणे, "असू द्या. तुम्हाला कळतं तरी मी कुठल्या खोलीत आहे."

९ मार्च, सोमवार

कार्यशाळेच्या साहेबांना विचारलं, नोंदी जरा व्यवस्थित करू का? ते फोनवर होते. हाताने "करा, करा" अशी खूण केली. मला तेवढं पुरे.

आधी जुन्या फायली काढल्या. एक्क्याऐंशी फायलींवर "मयत" असा शिक्का होता, पण तक्त्यात त्या सगळ्या नोंदी जिवंत माणसांसारख्या मिरवत होत्या. मॅडमनी त्यासाठी "बंद दिनांक" असा रकाना ठेवला आहे, तो आजवर कुणी भरलेला नाही. एक्क्याऐंशी तारखा शोधून भरत बसण्यापेक्षा नोंदीच काढून टाकल्या. गेलेल्या माणसाला पायाची नोंद कशाला हवी?

नावं वाचत बसलो नाही. नंबर टाकायचा, काढायची, पुढची. साठाव्या की एकसष्टाव्या फायलीपाशी चहा आला. तो पूर्ण प्यायलो, कप विसळून ठेवला, मग तीही काढली. संध्याकाळपर्यंत हात मोकळे. बऱ्याच दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

११ मार्च, बुधवार

आता भोकं सहासष्ट नाहीत, एकशे सत्तेचाळीस. सगळा तक्ता बाहेर काढला, एकापासून ओळीने नवे नंबर घातले आणि परत आत चढवला. कुठे काय दाबायचं ते मदतीच्या पानावर लिहिलेलं होतं. एक ते अठराशे त्र्याण्णव, मध्ये एक भोक नाही. आपोआप नंबर देणारी सोयही नव्याने लावली. पुढचा नंबर आपोआप १८९४ येईल. आकडा तोंडात बसलेला वाटला.

जुना नंबर कुठला आणि नवा कुठला, याची यादी छापून मिस्त्रीला दिली. साच्यांवरचे नंबर बदलून घ्या म्हटलं. त्याने यादीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"प्लास्टरमध्ये कोरलेत ते. कसे बदलू?"

"खरवडून पुन्हा कोरायचे."

"बरं," असं म्हणून त्याने यादी खिळ्याला अडकवली. माझ्या लक्षात आलं की खिळ्यावर आधीच खूप कागद आहेत.

१३ मार्च, शुक्रवार

नव्या मांडणीतली पहिली नोंद झाली. १८९४. एक टपालवाली. चाळिशीची, किडकिडीत, बोलण्यात खमकी. आठ महिन्यांपूर्वी टपाल वाटताना ट्रकखाली सापडली. डावा पाय, गुडघ्याखाली.

नोंद भरता भरता तिने सगळं सांगून टाकलं. तीस एप्रिलला टपाल खात्याच्या डॉक्टरांपुढे परीक्षा आहे. खांद्यावर थैली घेऊन दोन किलोमीटर चालायचं आणि चाळीस पायऱ्या चढून उतरायच्या. पास झाली तर तिची बीट, म्हणजे टपाल वाटायचा ठरलेला भाग, तिला परत. नापास झाली तर कायमची खिडकीमागे, तिकिटं विकायला. दुसरी संधी नाही.

"खिडकी वाईट काय?" मी विचारलं.

"भाऊ, सतरा वर्षं माणसं मला दारात बघतायत. काचेतून बघायला लागली की मी संपले." मग तिने टेबलावरच्या पाटीवर माझं नाव वाचलं आणि म्हणाली, "तुमची गल्ली माझ्याच बीटमध्ये. दुसरा मजला ना? तुमच्याकडे मी थांबायचे. बाकीच्यांकडे दाराखालून पत्र सारते आणि पुढे जाते. पण तुमच्या बाईंना यायला वेळ लागायचा आणि यायच्या मात्र हसत. मग दोन मिनिटं बोलायचो."

हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी गोदामात असे. काय बोलायच्या ते विचारायचं होतं, पण तोवर मिस्त्रीने हाक मारली.

१७ मार्च, मंगळवार

मिस्त्री दोन आठवडे रजेवर. बहिणीचं ऑपरेशन. जाताना टपालवालीचा साचा मागच्या खोलीत वाळत ठेवून गेला.

भट्टीवाल्याने आज तिचं सॉकेट केलंसुद्धा. माणूस झपाट्याने काम करतो. मी तसं साहेबांना सांगितलं.

२० मार्च, शुक्रवार

टपालवालीची पहिली चाचणी. कार्यशाळेत चाचणीसाठी ठेवलेलं पाऊल लावून दांड्यांमधून चालली. वर घट्ट, खाली सैल वाटतंय म्हणाली. भट्टीवाला म्हणाला, नवीन आहे, बसेल. तीही म्हणाली, "नवे बूटसुद्धा चावतात. माझ्याकडे दिवस कमी आहेत, मी रोज येणार." मी वहीत "फिटिंग ठीक" असं लिहिलं.

२७ मार्च, शुक्रवार

ती रोज आली. आज तिला आरशासमोर बघितलं तेव्हा ओठ आवळलेले होते. विचारलं तर म्हणाली, "काही नाही." कार्यशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी बळेच सॉकेट काढायला लावलं. नडगीच्या टोकावर जखम, चांगली रुपयाएवढी. मोजे रक्ताने चिकटलेले. जखम भरेपर्यंत पाय घालायचा नाही, किमान दोन आठवडे.

टपालवाली रडली नाही. बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले, आणि मला विचारलं, "भाऊ, तीस एप्रिलला किती राहिले?" मी कॅलेंडर बघून चौतीस सांगितले. ते तिलाही येत होतं.

भट्टीवाल्याच्या निष्काळजीपणाबद्दल साहेबांना लिहून द्यावं असं ठरवलं आहे.

३० मार्च, सोमवार

लिहून दिलं नाही, ते बरं झालं.

मिस्त्रीने परत आल्यावर सॉकेट हातात घेतलं, आत अंगठा फिरवला, आणि मला मागच्या खोलीत बोलावलं. तिथे एक साचा होता, नंबर १८९४. मग मांडणीपाशी नेलं. तिथेही एक साचा होता. नंबर १८९४.

"वाळत ठेवलेला टपालवालीचा," तो म्हणाला. "तुम्ही नवा नंबर दिलात, मी तो कोरला. भट्टीवाल्याने चिठ्ठी वाचली आणि मांडणीवर शोधलं. मांडणीवर १८९४ होताच. उचलला. त्याची काय चूक?"

मी म्हटलं, मग मांडणीवरचा कोणाचा?

 मला खरंच कळलं नव्हतं. त्याने साचा उचलून माझ्या हातात दिला. वजनदार असतो. गुडघ्याची वाटी, खाली डाव्या बाजूला एक छोटी खाच.

"वहिनींचा," तो म्हणाला. "ती खाच टाक्यांची. मी साचे तोंडासारखे ओळखतो. मी इथे असतो तर हे झालं नसतं, पण मी नव्हतो."

नऊ वर्षं मी बाकावर बसलो आणि ती खाच मी आज पाहिली. घरी ती नेहमी मोजा घालूनच असे.

३१ मार्च, मंगळवार

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. एक वाक्यही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं एकही नव्हतं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं :

"काका, तुम्ही काढलेल्या नोंदींमध्ये कुणी ओळखीचं होतं?"

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते कळलं नाही. आमची मिसेस होती, असं सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्याकडे आठ मार्चचा बॅकअप आहे. सगळे जुने नंबर परत आणते. तुम्ही नंबर बदलल्यानंतरच्या पाच नोंदी २०४१ पासून पुढे जातील. नोंद काढून टाकायची सोय मी आता बंद करणार आहे. कुणी गेलं तर फक्त 'बंद दिनांक' भरायचा. त्या माणसाचा नंबर त्याच्याकडेच राहतो. चालेल ना?"

न चालून सांगतो कुणाला.

१ एप्रिल, बुधवार

टपालवालीच्या घरी जाऊन कबूल केलं. एका खोलीत ती आणि तिची आई. आईने पाणी दिलं. मी सरळ सांगितलं, चूक भट्टीवाल्याची नाही, माझी आहे. मोकळे नंबर मला बघवेनात, म्हणून मी एक जुना नंबर तुम्हाला दिला.

तिने पाय खुर्चीवर लांब करून ठेवला होता. म्हणाली, "म्हणजे मी आठवडाभर दुसऱ्याच बाईच्या पायात पाय घालत होते?"

"हो."

"कोण होती?"

"एक जुन्या पेशंट."

"बारीक होती बिचारी," ती म्हणाली, आणि मग चिडली. चांगली चिडली. एकोणतीस दिवस राहिले, जखम भरायला चौदा, मग उरले किती, आणि तुमच्या आकड्यांच्या हौसेपायी माझी बीट जाणार, असं सगळं म्हणाली. आई तिला गप्प करत होती. मी म्हटलं, बोलू द्या. तिचं बोलून झाल्यावरही मी थोडा वेळ तिथेच बसून राहिलो, कारण लगेच उठणं बरं दिसलं नसतं.

३ एप्रिल, शुक्रवार

जुने नंबर परत आले. १७१३ परत गायब आहे. टपालवाली २०४१. मिस्त्रीने तिच्या साच्यावरचा नंबर खरवडून नवा कोरला.

आता एक्क्याऐंशी नोंदींत "बंद दिनांक" भरायचा. फायली पुन्हा काढल्या. या वेळी नावं वाचावी लागली, तारीख बघायची तर नाव दिसतंच. एक शिंपी होता, एक पोहणारा होता, एकाच घरातले दोघे होते. ऐंशी झाल्या. एक राहिली. डोळे दुखायला लागले, उद्या भरतो.

८ एप्रिल, बुधवार

नवं अरिष्ट. टपालवालीचं खरं सॉकेट तयार आहे, मिस्त्रीने स्वतः उभं राहून करून घेतलं. पण तिच्या मापाचं डावं पाऊल, तेवीस नंबरचं, शिल्लक नाही. चाचणीचं पाऊल चोवीसचं आहे, त्यावर पायरी चढताना ती अडखळते. मागवलं तर सहा आठवडे.

मिस्त्री माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "तेवीसचं एक आहे," तो म्हणाला. कुठे आहे ते बोलला नाही.

मी म्हटलं, ते वाजतं.

"नुसता आवाज आहे. गाभा आणि रबर यांच्यात केसाएवढी फट. मी तपासलं होतं तेव्हा. दहा वर्षं जाईल."

मी म्हटलं, बघतो.

९ एप्रिल, गुरुवार

मोठी पिशवी शोधली. पाय आत ठेवला, वरून टॉवेल झाकला. दाराच्या मागे जमिनीवर पावलाच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली होती, भोवती धूळ. केर काढताना मी तो सरकवून खाली झाडतो असा माझा समज होता.

मिस्त्रीने तीन मिनिटांत पाऊल सोडवलं. सॉकेटचं काय करू, असं त्याने विचारलं. साच्याचंही विचारलं. माणूस गेला की साचा फोडून त्याचं प्लास्टर भरावाला टाकतात, त्याने तो फोडला नव्हता. मी म्हटलं, राहू दे. मग बाहेर आलो आणि बाकावर बसलो. शब्दकोडं नव्हतं जवळ. खूप आठवण आली. इतकी की साहेब बाहेर आले तेव्हा उठून उभं राहता आलं नाही. ते परत आत गेले.

टपालवालीला सांगू नका म्हटलं मिस्त्रीला. पाऊल पाऊल असतं.

१६ एप्रिल, गुरुवार

जखम भरली. टपालवाली आज नव्या पायावर उभी राहिली. दांडी सोडून पाच पावलं चालली आणि म्हणाली, "हा माझा आहे." मग खाली बघून म्हणाली, "पण हे वाजतं का हो?" मिस्त्री म्हणाला, वाजू द्या. मी आत जाऊन उभा राहिलो होतो. हल्ली चाचणीच्या वेळी आत जातो. चौदा दिवस आहेत.

१९ एप्रिल, रविवार

मुलीचा फोन. आईचा पाय परत दिला असं सांगितलं. ती रडायला लागली. रडतेस कशाला, वापरात आलाय, असं म्हटलं, तर जास्तच. पुढच्या महिन्यात येते म्हणाली. ये म्हटलं.

२४ एप्रिल, शुक्रवार

टपालवाली विटांची थैली खांद्यावर टाकून कार्यशाळेचा जिना रोज वीस वेळा चढते. भट्टीवाला खाली बसून मोजतो. माझ्या टेबलावर सगळा वेळ टक्, टक् ऐकू येतं. नोंदींत दोन चुका झाल्या, दोन्ही रद्द केल्या. दोन नंबर गेले. गेले ते गेले.

३० एप्रिल, गुरुवार

आज तिची परीक्षा. सकाळपासून कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. निकाल खात्याकडून लेखी येतो म्हणे, लगेच सांगत नाहीत. तिचा फोन नंबर नोंदीत आहे. केला नाही. नापास झाली असेल तर माझ्याच तोंडून "काय झालं?" हे ऐकायची तिला काय हौस.

१८९४ चा "बंद दिनांक" अजून राहिलाच आहे. सोमवारी भरतो.

१४ मे, गुरुवार

पंधरा दिवस लिहिलं नाही. डायरीत पानं कोरी आहेत. ठीक आहे.

आज सुट्टी घेतली होती. पुढच्या आठवड्यात मुलगी येणार, तोवर कपाटाचा एक तरी खण आवरावा म्हणून बसलो होतो. अकराच्या सुमारास जिन्यावर पावलं ऐकू आली. एक साधं, एक टक्. एक साधं, एक टक्. पहिल्या मजल्यावर थांबली, मग पुन्हा वर.

मी हातातली साडी धरून तसाच बसून राहिलो. आपल्याला काय वाटलं ते इथे लिहायला हरकत नाही, दुसरं कुणी वाचणार नाही. मला वाटलं, आली. बाजारातून आली, आणि किल्ली विसरली असणार. हे मी एखाद-दोन क्षण नाही, चांगला पूर्ण जिनाभर समजत होतो. मग घंटा वाजली आणि सगळं जागच्या जागी आलं. तरी उठायला वेळ लागला. उठलो, साडी ठेवली, परत उचलली, नीट घडी केली, मग दाराकडे गेलो. एवढ्या वेळात पत्र सारून कुणीही निघून गेलं असतं.

दार उघडलं. टपालवाली, गणवेशात, खांद्यावर थैली. घामाघूम आणि तोंडभर हसू.

"पास," ती म्हणाली. "या सोमवारपासून बीट पुन्हा माझी झाली. आधी कळवणार होते, मग म्हटलं, दारातच सांगावं."

 थांबलीस, असं मी म्हटलं.

"या दाराशी थांबायची सवय आहे मला." तिने थैलीत हात घातला. "आणि पत्र आहे. तुमच्या बाईंच्या नावाचं. दाराखालून सारायचं जिवावर आलं."

पाकिटावर आमच्या कार्यशाळेचा शिक्का होता. मुख्य कचेरीतून ही पत्रं यंत्रानेच छापून जातात. साचा होऊन दोन वर्षं झाली आणि नोंद बंद नसली, की आपोआप. त्यावर हिचं पूर्ण नाव होतं. सोळा महिन्यांत ते कुणी लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. आत दोन ओळी : आपला पाय तपासणीसाठी घेऊन यावा. कृपया आपला नंबर सांगावा, १८९४.

"काही महत्त्वाचं?" तिने विचारलं.

"पाय तपासायला बोलावलंय," मी म्हटलं. मग म्हटलं, "बसतेस का दोन मिनिटं? तुम्ही दोघी काय बोलायचात ते सांग."

ती बसली. दोन मिनिटांच्या ऐवजी वीस मिनिटं सांगत होती. बहुतेक माझ्याविषयीच होतं.

१५ मे, शुक्रवार

सकाळी गेल्या गेल्या १८९४ चा रकाना भरला. तारीख शोधावी लागली नाही. नंतर एक नवीन पेशंट आले, म्हातारे गृहस्थ, उजवा पाय. बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला म्हटलं, बाई, आत या, आत बसा, बघा काय करतात ते.

त्यांची नोंद जतन केली. नंबर आपोआप आला, २०५७.